सिबेरूतच्या उमेत पाहुणे म्हणून जाताना : वाचकांचे प्रश्न

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, पादांग शहरापासून सुमारे 150 किलोमीटरवर मेन्तावाई द्वीपसमूह आहे. सिबेरूत, सिपोरा, उत्तर पागाई आणि दक्षिण पागाई ही त्यातील 4 मोठी बेटे असून सिबेरूत सर्वांत मोठे आहे. घनदाट पर्जन्यवन, नद्यांच्या काठी खांबांवर उभ्या असलेल्या ‘उमा’ नावाच्या मोठ्या कुलघरांमधील जीवन आणि ‘सिकेरेई’ या वैद्य-पुरोहितांची परंपरा यांमुळे मार्गदर्शकासह तेथे जाण्याची इच्छा अनेक वाचकांनी कळवली आहे. त्यांच्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सेवानिवृत्त आहोत. एका सहल-आयोजकाने 4 दिवसांच्या सहलीत ‘सिकेरेईंचा विधी हमखास पाहायला मिळेल’ असे लिहून दिले आहे. दुसरा आयोजक विधीबद्दल कोणतेच आश्वासन देत नाही आणि किमान 6 दिवस काढा असे सांगतो. कोणाची निवड करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निःसंकोचपणे दुसऱ्याची. सिकेरेई हा माणसे आणि आत्मे यांच्यात मध्यस्थी करणारा, वनौषधींचे सखोल ज्ञान असलेला उपचारक असतो. कोणी आजारी पडले, नवी उमा बांधली किंवा कुटुंबात काही महत्त्वाचे घडले म्हणजे विधी होतो. त्याची तारीख पाहुण्यांच्या परतीच्या तिकिटावरून ठरत नाही. तेव्हा जो आयोजक उपचाराचा विधी हमखास दाखवण्याची हमी देतो, तो एकतर विधीचा देखावा उभा करणार आहे किंवा एखाद्या खऱ्या रुग्णाच्या घरात आपल्याला नेऊन बसवणार आहे, आणि या दोन्ही गोष्टी मला अयोग्य वाटतात. नृत्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘तुरुक’ या नृत्यात पक्ष्यांच्या आणि माकडांच्या हालचाली साकारल्या जातात, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर पावलांचा ठेका धरला जातो, आणि उमेतील मंडळी पाहुण्यांसाठी ते आनंदाने करतात. त्याचा मोबदला आधी ठरवून द्यावा. त्यात कोणालाही कमीपणा नाही.

दिवसांचा हिशेबही दुसऱ्या आयोजकाच्याच बाजूने आहे. पादांगहून बोटीने बेटावर उतरायचे, मग यंत्र लावलेल्या अरुंद होडीतून नदीच्या वरच्या अंगाला जायचे आणि शेवटी चिखलातून चालत उमा गाठायची, यात जातानाचा एक दिवस सहज जातो; येतानाही तितकाच वेळ लागतो. म्हणजे 4 दिवसांच्या सहलीत हाताशी उरतात जेमतेम 2, आणि त्यांतील एक बहुधा पावसाचा असतो. उमेतील माणसांशी खरी ओळख होते ती दिवसाचा ठरलेला कार्यक्रम संपल्यावर, चुलीजवळ नुसते बसून राहिल्याने. त्यासाठी मोकळा वेळ लागतो. दोन-तीन उमा धावत पाहण्यापेक्षा एकाच कुटुंबाकडे मुक्काम करावा, असा माझा आग्रह राहील.

निवड करताना आयोजकाच्या कंपनीपेक्षा प्रत्यक्ष सोबत येणारा मार्गदर्शक कोण आहे, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. सिबेरूतचे पर्यटन सुरू झाले तेव्हा बहुतेक सहली बुकितिंग्गी आणि पादांग येथून निघत आणि मार्गदर्शक सुमात्राच्या मुख्य भूमीवरचे असत. पाहुण्यांनी भरलेल्या पैशांतला फारच थोडा भाग यजमानांच्या हाती पडे, आणि ही तक्रार बेटावर आजही ऐकू येते. आता मेन्तावाई समाजातले अनेक तरुण स्वतः हे काम करतात. वयस्कर यजमानांना इंडोनेशियन भाषा अनेकदा नीट येत नाही, त्यामुळे मेन्तावाई भाषा न जाणणारा मार्गदर्शक फक्त वाट दाखवू शकतो, संवाद घडवू शकत नाही. म्हणून आयोजकाला स्पष्ट विचारावे की मार्गदर्शक कोणत्या कुळाचा आहे, आपण ज्या उमेत राहणार तिच्याशी त्याचे नाते काय, उमेला किती रक्कम दिली जाते आणि ती कोणाच्या हाती, होडीवाल्याचे आणि सामान वाहणाऱ्यांचे पैसे ठरलेल्या रकमेत धरले आहेत का, आणि समुद्र खवळल्यामुळे बोट सुटली नाही तर वाढीव दिवसांचा खर्च कोण करणार. ज्याला ही उत्तरे देणे अवघड वाटते, त्याच्याबरोबर जाऊ नये. मुख्य भूमीवरचेही काही मार्गदर्शक वर्षानुवर्षे एकाच कुटुंबाशी प्रामाणिक संबंध ठेवून आहेत, हे नमूद करायला हवे. पण ते अशा प्रश्नांनी बिचकत नाहीत.

प्रश्न : व्हिसा, प्रवासाचा मार्ग आणि योग्य हंगाम याविषयी थोडक्यात सांगावे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भारतीय पासपोर्ट असलेल्यांना इंडोनेशियात पोहोचल्यावर विमानतळावर किंवा निघण्यापूर्वी ऑनलाइन 30 दिवसांचा पर्यटन व्हिसा मिळतो, त्याचे शुल्क 5 लाख रुपिया आहे आणि तो एकदा वाढवता येतो. पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक असावी. पादांगच्या मिनांगकाबाऊ विमानतळावर जकार्ता आणि क्वालालंपूर येथून विमाने येतात. पादांगहून सिबेरूतला जलद प्रवासी बोट आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच सुटते आणि काही तासांत पोहोचते. रात्रभर चालणारी मोठी फेरी संथ असते, पण समुद्र खवळलेला असताना तीच कमी त्रासदायक ठरते. बोटींचे वार बदलत असल्याने ते निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्यावेत, आणि परतीची बोट व घरी परतण्याचे विमान यांच्यात किमान 2 दिवस मोकळे ठेवावेत. एखादी बोट रद्द झाली तर पुढची दुसऱ्याच दिवशी असेल असे नाही.

सिबेरूत विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. तेथे कोरडा म्हणावा असा ऋतूच नाही. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. रोख रक्कम पादांगलाच काढून घ्यावी आणि लहान किमतीच्या नोटा जवळ ठेवाव्यात. बेटाचा पश्चिमेकडील मोठा भाग 1993 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे त्या हद्दीत जायचे असेल तर परवान्याची व्यवस्था मार्गदर्शकाने आधीच केली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : आपण पैसे भरून जायचे आणि साल गुंडाळलेल्या, अंगभर गोंदलेल्या माणसांना पाहून यायचे, हे मनाला पटत नाही. अशा सहली म्हणजे माणसांचे प्रदर्शन मांडणे नव्हे काय? आणि ते लोक खरोखर तसे राहतात, की केवळ आपल्यासाठी तसा वेश करतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला थोडे मागे जाऊन उत्तर द्यावे लागेल.

मेन्तावाईंच्या मूळ श्रद्धा-परंपरेला ‘आरात साबुलुंगान’ म्हणतात. माणूस, प्राणी, झाड, नदी, होडी, किंबहुना प्रत्येक वस्तूला आत्मा असतो आणि त्या सर्वांशी सलोखा राखून जगायचे असते, हा तिचा गाभा आहे. माणसाचा स्वतःचा आत्माही नाराज झाला तर देह सोडून भटकू लागतो आणि माणूस आजारी पडतो, अशी समजूत आहे. त्यामुळे आत्म्याला देहात राहावेसे वाटावे म्हणून देह सुंदर ठेवणे हे त्यांच्या दृष्टीने कर्तव्यच ठरते. सिकेरेईच्या केसांतली जास्वंदीची फुले, कपाळावरची मण्यांची पट्टी, अंगावरचे गोंदण हे सारे या विचारातून आलेले आहे. पाहुण्याने हे एवढे जरी जाणून घेतले, तरी त्याची नजर बदलते.

स्वतंत्र इंडोनेशियाच्या सरकारने 1954 मध्ये या लोकांना मान्यताप्राप्त धर्मांपैकी एक स्वीकारून आरात साबुलुंगान सोडण्याचा आदेश दिला. पुढच्या काळात विधींचे साहित्य जाळले गेले, गोंदण, लांब केस आणि दात कोरून अणकुचीदार करण्याची प्रथा यांवर बंदी आली, आणि उमेत राहणाऱ्या कुटुंबांना नदीकाठच्या नव्या सरकारी वसाहतींत हलवण्याच्या योजना आल्या. अन्य बेटांवर ही परंपरा जवळजवळ पुसली गेली. सिबेरूतमध्ये, विशेषतः रेरेइकेत नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि साकुद्देई कुळाच्या दुर्गम प्रदेशात, काही कुटुंबे जंगलात आत सरकली आणि त्यांनी ती टिकवली. मानववंशशास्त्रज्ञ राइमार शेफोल्ड 1960 च्या दशकाच्या अखेरीस साकुद्देईंमध्ये राहिले, आणि त्यांच्या लेखनामुळे या दडपशाहीकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले. पुढे दूरदेशीचे पाहुणे आपली संस्कृती पाहायला येतात, हेही बंदी सैल होण्याला हातभार लावणारे एक कारण ठरले. पारंपरिक श्रद्धांची नोंद ओळखपत्रावर करण्याचा मार्ग इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने मोकळा केला तो थेट 2017 मध्ये. तोपर्यंत अनेकांच्या ओळखपत्रावर एक धर्म आणि घरात दुसरी परंपरा अशी स्थिती होती, आणि आजही बहुसंख्य मेन्तावाई ख्रिस्ती असूनही त्यांतील कित्येक जण आजारपणात सिकेरेईला बोलावतात.

आता वेशाबद्दल. झाडाच्या सालीचे ‘काबित’ रोज नेसणारे ज्येष्ठ सिकेरेई अजून आहेत, पण ते थोडे आहेत. त्यांची नातवंडे शाळेत जातात, सदरा-पँट घालतात आणि जिथवर सिमेंटची वाट झाली आहे तिथवर मोटारसायकल चालवतात. पाहुणे येणार म्हणून काही जण काबित नेसतात, हेही खरे आहे. याला फसवणूक म्हणणे मला मान्य नाही. सणासुदीला आपण जरीची वस्त्रे नेसतो तेव्हा त्यांना कोणी खोटी म्हणत नाही. प्रदर्शन होते ते पाहुण्याच्या वागण्याने : जो आल्या आल्या कॅमेरा काढतो, मोटारसायकलवरच्या नातवाला चौकटीबाहेर व्हायला सांगतो आणि सदरा घातलेल्या माणसाकडे ‘हा खरा नव्हे’ अशा नजरेने पाहतो, तो यजमानाला वस्तू बनवतो. नातवाशीही तितक्याच आस्थेने बोलण्याची तयारी असेल, तर आपण अवश्य जावे.

प्रश्न : आमचा चौघांचा गट पूर्ण शाकाहारी आहे. सिबेरूतवर आमची सोय होईल काय? तेथील लोकांचे मुख्य अन्न साबुदाणा आहे असे ऐकले. (एक वाचक, सांगली)

उत्तर : उपासमार होणार नाही, पण तडजोड करावी लागेल. त्यांचे मुख्य अन्न सागो आहे. आपल्या बाजारातला साबुदाणा कसाव्याच्या कंदातील पिठापासून करतात, तर हा सागो दलदलीत वाढणाऱ्या सागो ताडाच्या खोडातून निघतो. तो काढण्याची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ताड फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास तोडून त्याचे ओंडके करतात आणि खिळे ठोकलेल्या फळीने आतला गर किसतात. नदीकाठी एका उंच मचाणावर गाळणी असते. तीत हा कीस टाकून वरून पाणी ओतत माणूस तो पायांनी तुडवत राहतो. खाली बहुधा एखादी जुनी होडी ठेवलेली असते. पांढरट पाणी तिच्यात उतरते, पीठ तळाशी बसते आणि वरचे पाणी काढून टाकले की ओला, घट्ट सागो हाती येतो. एका ताडातून कुटुंबाला दीर्घकाळ पुरेल इतके पीठ मिळते. भातशेतीला लागणारे रोजचे कष्ट यात नाहीत, म्हणूनच सरकारने भात पिकवण्याचा आग्रह धरला तरी अनेक कुटुंबांनी सागो सोडला नाही. हा निर्णय त्यांनी पूर्ण विचाराने घेतला, असे माझे मत आहे.

सागोचे पीठ त्याच ताडाच्या पानात लांबट गुंडाळून विस्तवावर भाजतात किंवा बांबूच्या नळीत शिजवतात. चव सौम्य असते, आणि घास कोरडा वाटतो. सोबत अळकुड्या आणि केळी उकडून, कुटून आणि ओल्या खोबऱ्यात घोळून केलेले ‘सुब्बेत’ नावाचे गोळे मिळाले तर ते शाकाहारी पाहुण्याला हमखास आवडतील. याखेरीज केळी, नारळ, रताळी, पालेभाज्या आणि हंगामात दुरियनसारखी फळे असतात. मार्गदर्शक पादांगहून तांदूळ, भाजी आणि मसाले आणतोच, त्यामुळे आपली अट त्याला आरक्षण करतानाच सांगावी आणि डाळ, चटणी, भाजलेले शेंगदाणे असे टिकाऊ पदार्थ बरोबर न्यावेत.

एका प्रसंगाची मात्र मनाची तयारी असू द्यावी. कुजलेल्या ताडाच्या खोडातील अळ्या हा तेथील आवडीचा पदार्थ आहे, आणि डुकराचे मांस हा समारंभाचा मुख्य भाग असतो. उमेत मांस शिजले की त्याचे प्रत्येक कुटुंबाला सारखे वाटे केले जातात, आणि पाहुण्यालाही वाटा दिला जातो. तो नाक मुरडून नाकारणे अपमानकारक आहे. आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे आपण मांस खात नाही, असे मार्गदर्शकाकरवी पहिल्याच संध्याकाळी सांगितले तर यजमान ते सहज समजून घेतात. ज्या समाजात गरोदरपणात, शिकारीच्या आधी, विधीच्या काळात काय खावे आणि काय वर्ज्य करावे यांचे असंख्य नियम पाळले जातात, त्या समाजाला पथ्य ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : यजमानांसाठी कोणत्या भेटवस्तू न्याव्यात? सिगारेटी न्याव्याच लागतात, असे सांगितले जाते. छायाचित्रे घेण्याचे पैसे द्यावेत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तंबाखूची देवाणघेवाण तेथे फार जुनी आहे. ओळख झाली, गप्पा सुरू झाल्या की प्रथम तंबाखूच पुढे होतो, आणि म्हणून बहुतेक मार्गदर्शक सिगारेटींची पाकिटे घ्यायला सांगतात. आपल्याला ते पटत नसेल तर नेऊ नयेत. नकार द्यावा लागला तरी कोणी रागावत नाही. साखर, कॉफी, चहा, तांदूळ, मीठ, खाद्यतेल, काडेपेट्या, चांगल्या प्रतीचा कोयता, मासे पकडण्याचे गळ आणि बारीक रंगीत काचमणी या वस्तू खरोखर उपयोगी पडतात. मण्यांचे रंग मार्गदर्शकाला विचारून घ्यावेत, कारण हार आणि कपाळपट्ट्या यांसाठी ठरावीक रंगच लागतात. जुने कपडे गोळा करून नेऊ नयेत. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. दात बिघडले तर दंतवैद्य फार दूर आहे आणि प्रत्येक पाहुण्यापुढे हात पसरण्याची सवय लागते.

भेट देण्याची पद्धत वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. मेन्तावाई समाजात राजा किंवा सरदार नसतो. उमेत ‘रिमाता’ नावाचा विधींचा प्रमुख असतो, पण त्याचा वाटा इतरांपेक्षा मोठा नसतो, आणि मिळालेली गोष्ट सर्वांत सारखी वाटणे हा तेथील जगण्याचा पाया आहे. एका पाहुण्याने आपल्या आवडत्या आजोबांना गुपचूप घड्याळ दिले, की त्याच्या मागे उमेत कुरबुरी सुरू होतात. म्हणून सर्व वस्तू पहिल्या दिवशी, सर्वांसमोर, उमेला म्हणून द्याव्यात आणि वाटणी त्यांच्यावर सोडावी. आपल्याकडून काही आगळीक घडली, एखादी वस्तू मोडली किंवा वर्ज्य जागी पाऊल पडले, तर त्यांच्या रीतीत ‘तुलोउ’ म्हणजे भरपाई ठरते. ती वाटाघाटीने ठरते आणि दिली की विषय संपतो. अशा वेळी हुज्जत न घालता मार्गदर्शकाला बोलू द्यावे.

छायाचित्रांचे वेगळे पैसे माणसागणिक देऊ नयेत. उमेला द्यायच्या रकमेत ते धरले आहेत, हे आधीच बोलून घ्यावे आणि तरीही प्रत्येक वेळी परवानगी विचारावी. उपचार चालू असताना, अंघोळीच्या जागी आणि लहान मुलांचे एकट्याने छायाचित्र घेऊ नये. परतल्यावर काही छापील प्रती मार्गदर्शकाच्या हाती पाठवाव्यात. दिलेल्या शब्दाप्रमाणे छायाचित्रे पाठवणारे पाहुणे कमी असतात आणि ज्यांची येतात त्यांची नावे यजमानांच्या लक्षात राहतात.

प्रश्न : माझ्या मुलाला सिकेरेईकडून पारंपरिक पद्धतीने गोंदवून घ्यायचे आहे. परवानगी द्यावी काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुलगा सज्ञान असेल तर निर्णय त्याचा आहे, पण त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. काजळी आणि उसाचा रस यांचे मिश्रण करून, काठीला बसवलेली सुई दुसऱ्या काठीच्या हलक्या ठोक्यांनी त्वचेत उतरवत हे गोंदण केले जाते. प्रत्येक माणसासाठी नवी, निर्जंतुक सुई वापरली गेली नाही तर रक्तातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून बंद पाकिटातल्या सुया, हातमोजे आणि जंतुनाशक येथूनच न्यावे. हिपॅटायटिस बी ची लस प्रवासाच्या बरीच आधी पूर्ण करावी, आणि दमट हवेत, चिखलात आणि नदीच्या पाण्यात ताजी जखम चिघळू शकते म्हणून गोंदण सहलीच्या अखेरीस करावे. घेतलेली सुई दुसऱ्या कोणासाठी पुन्हा वापरली जाणार नाही, हेही स्वतः पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. छातीपासून हातापायांपर्यंत जाणाऱ्या त्या रेघा माणसाचा प्रदेश, कूळ, वय आणि कर्तृत्व सांगतात, आणि त्या टप्प्याटप्प्याने, अनेक वर्षांत पुऱ्या होतात. ज्या पिढीला हेच गोंदण लपवावे लागले, त्या पिढीची माणसे अजून हयात आहेत. सिकेरेईची पूर्ण नक्षी मागणे शोभणारे नाही. पाहुण्याला साजेसे छोटे चिन्ह कोणते, हे गोंदणाऱ्यालाच ठरवू द्यावे. आणि त्याने नको म्हटले तर तेथेच थांबावे.

प्रश्न : वय 64, गुडघे थोडे दुखतात. प्रकृतीच्या दृष्टीने ही सहल झेपेल काय? मेन्तावाईला त्सुनामी आली होती, त्याचीही धास्ती वाटते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : चढ फार नाहीत, परंतु वाट गुडघाभर चिखलाची असते आणि जागोजागी ओढ्यांवर एकच निसरडा ओंडका टाकलेला असतो. उमेत चढायलाही पायऱ्या नसून खाचा पाडलेला तिरका ओंडका असतो. ज्यांना तोल सांभाळणे अवघड जाते त्यांनी होडीने अगदी जवळपर्यंत पोहोचता येईल अशी उमा मागावी. अशा उमा आहेत आणि मार्गदर्शकाला त्या माहीत असतात. उंच रबरी बूट, दोन काठ्या, पाणी न शिरणारी पिशवी आणि मच्छरदाणी बरोबर असावी. मेन्तावाईत हिवताप आहे. प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर कोठे गेलो होतो हे आवर्जून सांगावे. आतल्या भागात मोबाइलचे जाळे जवळजवळ नसते व मोठे रुग्णालय पादांगलाच आहे, त्यामुळे आपत्कालीन वाहतुकीचा समावेश असलेला विमा काढल्याशिवाय जाऊ नये.

त्सुनामीची धास्ती निराधार नाही. 25 ऑक्टोबर 2010 रोजी 7.8 तीव्रतेच्या भूकंपानंतर आलेल्या लाटांनी मुख्यतः पागाई बेटांवर 400 हून अधिक बळी घेतले. त्या भूकंपाचा हादरा मंद आणि लांबलेला होता. तो जोराचा न वाटल्याने अनेक जण घरातच थांबले. म्हणून किनाऱ्यावरच्या मुक्कामात जमीन मिनिटभर किंवा अधिक वेळ हलत राहिली, मग हादरा सौम्य असला तरी, भोंग्याची वाट न पाहता उंच जागी निघावे. मुक्कामाला पोहोचताच ती जागा कोणती, हे विचारून घ्यावे. नदीच्या वरच्या अंगाच्या उमा समुद्रापासून दूर आहेत, त्यामुळे सहलीचा बहुतांश काळ हा धोका नसतो.

प्रश्न : माझी 11 वर्षांची मुलगी प्राणिप्रेमी आहे. सिबेरूतची माकडे पाहण्याची तिला फार ओढ आहे, पण उमेत माकडांच्या कवट्या टांगलेल्या असतात असे वाचले. तिला न्यावे काय, आणि न्यावे तर काय सांगावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : न्यावे, आणि कवट्यांविषयी जाण्यापूर्वीच सांगावे. अचानक पाहिल्यास तिला धक्का बसेल.

तिला प्रथम हे सांगता येईल की ही बेटे लक्षावधी वर्षे सुमात्रापासून वेगळी राहिली आहेत, त्यामुळे तेथील प्राणी वेगळ्या वाटेने घडले. सिबेरूतवर जगात अन्यत्र न आढळणारे, मेन्तावाईचेच असे 4 प्राइमेट आहेत : ‘बिलोउ’ हा काळाभोर गिबन, ‘जोजा’ हे लांब शेपटीचे वानर, ‘सिमाकोबू’ हे आखूड शेपटीचे वानर आणि ‘बोक्कोई’ हे माकड. बिलोउची मादी पहाटेनंतर उंच झाडावरून गाते. तो सूर हळूहळू चढत जातो आणि दूरवर ऐकू येतो. हे प्राणी दिसणे मात्र नशिबाचा भाग आहे. शिकारीमुळे ते माणसाला बुजतात, आणि झाडतोडीमुळे त्यांचे जंगल कमी झाले आहे. केवळ प्राणी पाहण्यासाठी जायचे असेल तर उमेतील मुक्कामाला जोडून उत्तर भागातील जंगलात जाण्यासाठी वेगळे दिवस ठेवावे लागतील.

उमेच्या आत तुळईला टांगलेल्या कवट्या शिकारीतील आणि समारंभातील जनावरांच्या असतात. मारलेल्या प्राण्याचा आत्मा घरात सुखाने राहावा, त्याच्या मनात राग राहू नये आणि त्याने आपल्या सोयऱ्यांनाही बोलवावे, या भावनेने त्या जपल्या आणि सजवल्या जातात. त्यांच्या आसपास लाकडात कोरलेले पक्षी टांगलेले दिसतील. ती आत्म्यांची खेळणी आहेत. 11 वर्षांच्या मुलीला हे सांगितले तर ती ते समजून घेईल, आणि तरीही तिला शिकार आवडली नाही तर तसे म्हणण्याचा तिला हक्क आहे. आज हे प्राणी संकटात आहेत, हेही तिला लपवून ठेवू नये. पूर्वी शिकारीवर वर्ज्यांचे कडक निर्बंध होते, धनुष्य आणि विषारी बाण हीच साधने होती. एअरगन आल्यावर आणि जंगल घटल्यावर तो तोल ढळला.

आपल्याला मार्गदर्शकाला एक अट घालता येईल : आमच्या मुक्कामासाठी माकडाची शिकार होऊ नये, माकडाचे मांस शिजवले जाऊ नये आणि पिंजऱ्यात किंवा दोरीला बांधलेले पिल्लू मुलीच्या हाती छायाचित्रासाठी देऊ नये. ही अट आरक्षणाच्या पत्रातच लिहावी. त्याऐवजी सकाळी लवकर, गोंगाट न करता, एखाद्या जाणत्या शिकाऱ्याबरोबर जंगलात जाण्याचे पैसे देऊ करावेत. बिलोउ कोणत्या झाडांवर येतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मुलीसाठी लहान मापाचे रबरी बूट पादांगच्या बाजारातच घ्यावेत, बेटावर ते मिळतीलच असे नाही.